बांधावरचे ॲप आणि केंद्रावरचे संकेतस्थळ : मोबाइल प्रणालींच्या निवडीची एक समीक्षा

प्रस्तावना

खरिपाची पिके गुडघ्याला लागली की परंडा तालुक्यातील बांधांवर गेल्या काही वर्षांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. सोयाबीन, उडीद किंवा तुरीच्या ओळींसमोर शेतकरी, आणि पुष्कळदा त्याचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी, मोबाइल उंच धरून उभी असते. उपग्रहाकडून अक्षांश-रेखांश मिळावेत, पिकाचे छायाचित्र निघावे आणि नोंद 'अपलोड' व्हावी, एवढीच अपेक्षा असते. हे दृश्य ज्या प्रणालीमुळे निर्माण झाले ती 'ई-पीक पाहणी' होय. त्याच घरातील आई किंवा काकू २०२४ च्या जुलैमध्ये 'लाडकी बहीण' योजनेचा अर्ज भरण्यासाठी दुसऱ्याच एका ॲपशी झुंजत होती, आणि महिनाभराने तेच काम संकेतस्थळावर होऊ लागले.

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात या दोन प्रसंगांमागील प्रश्न एका ओळीत विचारला जातो : 'नेटिव्ह ॲप व वेब ॲप यांतील फरक स्पष्ट करा.' उत्तरही ठरलेले असते. कागदाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे वेग आणि उजवीकडे कमी खर्च. उत्तरपत्रिका तपासताना प्रस्तुत लेखकाने अशा उत्तरांना वर्षानुवर्षे पूर्ण गुण दिले आहेत. मात्र त्या तक्त्यात एक रकाना कधीच नसतो. ही निवड केल्यावर तिचा भार कोणी उचलायचा, करणाऱ्याने की वापरणाऱ्याने, हा तो रकाना होय. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील काही शासकीय प्रणालींच्या आधारे या रकान्याचा विचार केला आहे.

संज्ञांविषयी थोडेसे

नेटिव्ह ॲप म्हणजे एका विशिष्ट कार्यप्रणालीसाठी, म्हणजे अँड्रॉइड अथवा आयओएससाठी, त्या प्रणालीच्या भाषेत लिहिलेली व फोनमध्ये प्रत्यक्ष उतरवून घ्यावी लागणारी आज्ञावली. फोनचा कॅमेरा, स्थाननिश्चिती, साठवण व सूचना यांच्यापर्यंत तिचा हात थेट पोहोचतो. वेब ॲप ब्राउझरमध्ये चालते. त्याला पत्ता असतो, ते उतरवून घ्यावे लागत नाही, आणि सर्व्हरवर दुरुस्ती झाली की ती त्याच क्षणी सर्वांना मिळते. शासकीय मराठीत ॲपला 'उपयोजन' असा प्रतिशब्द आहे. तो फारसा रुळला नाही, तरी त्यातील 'योजना' हा अर्थ येथे सूचक वाटतो, कारण आपल्याकडे प्रत्येक योजनेमागे एक ॲप निघण्याचा प्रघात पडला आहे.

या दोहोंमधील वाद जुना आहे आणि तो एकाच दिशेने गेलेला नाही. जून २००७ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झ यांनी बाहेरच्या विकासकांना आयफोनसाठी वेब ॲपच लिहावे असे सांगितले होते. जुलै २००८ मध्ये त्याच कंपनीने ५०० ॲपसह ॲप स्टोअर उघडले. सप्टेंबर २०१२ मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी एचटीएमएल-५ वर अतिरेकी भर देणे ही कंपनीची मोठी चूक होती असे जाहीरपणे मान्य केले. हा नेटिव्ह पक्षाचा विजय मानला गेला. पण भारतात त्याची उलट बाजूही दिसली. बंगळुरूच्या मिंत्रा या कपडे विकणाऱ्या कंपनीने मे २०१५ मध्ये आपले संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर विक्री सुरू केली, आणि २०१६ मध्ये तिला मोबाइलवरील व पाठोपाठ संगणकावरील संकेतस्थळ पुन्हा उघडावे लागले. तिची मालक कंपनी फ्लिपकार्ट हिने तर २०१५ च्या अखेरीसच 'फ्लिपकार्ट लाइट' हे ॲपसारखे वागणारे संकेतस्थळ आणले होते. अशा संकेतस्थळांना 'प्रोग्रेसिव्ह वेब ॲप' हे नाव त्याच वर्षी मिळाले.

व्यापारी कंपनीला चूक सुधारण्याची मुभा असते, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते आणि चूक ताळेबंदात दिसते. सातबाऱ्याला दुसरे दुकान नाही. म्हणून या कंपन्यांचे धडे शासकीय प्रणालींना जसेच्या तसे लावणे योग्य ठरत नाही.

ई-पीक पाहणी : नेटिव्ह ॲपचा खरा आधार

सातबारा उतारा हा गाव नमुना ७ व गाव नमुना १२ यांचा मिळून होतो. पहिल्यात जमिनीचा हक्क, दुसऱ्यात पिकांची नोंद. ही पिकांची नोंद परंपरेने तलाठ्याच्या पाहणीवर अवलंबून होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून महसूल विभागाने टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने विकसित झालेली ई-पीक पाहणी राज्यभर लागू केली आणि नोंद करण्याचे काम स्वतः खातेदाराकडे आले. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' हे तिचे घोषवाक्य.

या नोंदीचे मोल किती, याचे उत्तर २०२४ मध्ये मिळाले. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन व कापूस उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि पात्रतेसाठी ई-पीक पाहणीतील नोंद हा आधार धरला. ज्यांनी पीक घेतले होते पण ॲपमध्ये नोंदविले नव्हते ते यादीबाहेर राहिले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये ही अट शिथिल करून सातबाऱ्यावरील नोंद ग्राह्य धरण्याची घोषणा करावी लागली. सोयाबीनवर ज्यांचे वर्ष उभे आहे अशा आपल्या जिल्ह्यात याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. पीक शेतात असून मोबाइलमध्ये नसणे ही गोष्ट दोन हेक्टरवाल्यास १०,००० रुपयांना पडू शकत होती.

तर मग हे काम संकेतस्थळावर का दिले नाही, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ब्राउझरलाही आज कॅमेरा वापरता येतो, परवानगी दिल्यास स्थानही कळते, आणि 'सर्व्हिस वर्कर' या सोयीमुळे जोडणी नसताना पान उघडता येते. हे सारे खरे आहे. परंतु बांधावरच्या कामाची दोन वैशिष्ट्ये अशी आहेत की तेथे वेब ॲप तोकडे पडते.

पहिले वैशिष्ट्य साठवणुकीचे आहे. शेतात जोडणी नसेल तर छायाचित्र व नोंद फोनमध्ये राहते आणि गावात किंवा परंड्याच्या बाजाराला आल्यावर ती पाठविली जाते. ई-पीक पाहणीत ही सोय जाणीवपूर्वक ठेवण्यात आली. नेटिव्ह ॲपने जपलेली नोंद सहसा ॲप काढून टाकेपर्यंत टिकते. ब्राउझरने जपलेल्या माहितीची अशी हमी नसते. फोनमधील जागा संपत आली की ब्राउझर ती स्वतःहून पुसू शकतो, आणि ॲपलच्या सफारीने तर २०२० पासून सात दिवस न वापरलेल्या संकेतस्थळाची अशी साठवण काढून टाकण्याचे धोरण स्वीकारले, मुख्य पडद्यावर जोडलेल्या ॲपांचा अपवाद वगळता. ज्याच्या फोनची जागा लग्नाच्या चित्रफितींनी आधीच भरलेली आहे त्याच्याच बाबतीत हा धोका सर्वांत मोठा असतो. आपली नोंद झाली असे समजून तो निर्धास्त राहील आणि नोंद कोठेच नसेल.

दुसरे वैशिष्ट्य विश्वासार्हतेचे. येथे शासनाला केवळ 'सोयाबीन, एक हेक्टर' एवढे विधान नको आहे. ते विधान त्या गटात उभे राहून केले आहे याचा पुरावा हवा आहे. रब्बी २०२४ पासून राज्याची पीक पाहणी केंद्राच्या 'डिजिटल क्रॉप सर्व्हे'शी जोडली गेली, आणि गटाच्या ठरावीक अंतराच्या आत उभे राहून छायाचित्र घेण्याची अट अधिक काटेकोर झाली. फोनला खोटे स्थान पुरविणाऱ्या आज्ञावल्या सहज मिळतात. अँड्रॉइडवरील नेटिव्ह ॲपला अशी बनवाबनवी बऱ्याच अंशी ओळखता येते. ब्राउझरला जे स्थान सांगितले जाते ते त्याला मुकाट्याने मानावे लागते. तेव्हा येथील नेटिव्ह निवड ही कामाच्या स्वरूपातून आलेली आहे आणि ती योग्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मत अनुकूल असले तरी त्याची किंमत कोण देतो हे पाहावे लागते. फोन अँड्रॉइडचा हवा, फार जुना नको, गूगल खाते चालू हवे, जागा रिकामी हवी, नवी आवृत्ती आली की ती उतरवून घ्यायला हवी. यांपैकी प्रत्येक अट एका खातेदाराला बाहेर ठेवते. त्यांत बहुधा वयाने वडील, एकटी शेती पाहणारी स्त्री किंवा ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेले कुटुंब असते. हे ओळखूनच सुरुवातीला एका मोबाइलवरून २० खातेदारांच्या नोंदी करण्याची मुभा दिली गेली, आणि पुढे राहिलेल्या गटांची पाहणी गावपातळीवरील सहायकामार्फत करून घेण्याची व्यवस्था झाली. तांत्रिक निवडीतील उणीव माणसांनी भरून काढण्याची ही रीत आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रणालीच्या रचनेचाच तो एक भाग मानला पाहिजे.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. 'ॲप चालत नाही' ही तक्रार हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात शिगेला पोहोचते. त्या वेळी बहुधा ॲप नव्हे, मागचा सर्व्हर थकलेला असतो. लाखो खातेदार एकाच मुदतीकडे धावले तर नेटिव्ह काय आणि वेब काय, दोन्ही सारखेच अडकतात. २०२५ च्या खरिपातही पाहणीची मुदत वाढवावी लागली. त्याच सप्टेंबरात सीनेच्या पुराने परंडा तालुक्यातील शेते पाण्याखाली गेली. जेथे उभे पीकच उरले नाही तेथे छायाचित्र कशाचे काढायचे, हा प्रश्न कोणत्याही आज्ञावलीच्या कक्षेत येत नाही. तेथे पंचनाम्याचा कागद व तो करणारा माणूसच लागतो.

एकदाच भरायचा अर्ज आणि त्यासाठीचे ॲप

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे आहे. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात दरमहा १,५०० रुपयांची ही योजना जाहीर झाली व जुलैपासून अर्ज सुरू झाले. त्यासाठी 'नारीशक्ती दूत' हे ॲप पुढे करण्यात आले. थोड्याच काळात स्वतंत्र संकेतस्थळ उघडले गेले आणि नवे अर्ज तेथे वळविण्यात आले.

या कामाचे स्वरूप तपासू. नाव, पत्ता, बँक खाते, आधार, काही कागदपत्रांची छायाचित्रे. अर्ज आयुष्यात एकदा भरायचा. स्थानाचा पुरावा नको, शेतात उभे राहणे नको, जोडणी नसलेल्या जागी काम करण्याची गरज नाही. एकदाच लागणाऱ्या कामासाठी कोट्यवधी स्त्रियांना एक आज्ञावली फोनमध्ये उतरवायला लावणे म्हणजे एका ताटापुरत्या जेवणासाठी चूल बांधण्यासारखे आहे. शिवाय ज्यांच्या हातात स्वतःचा स्मार्टफोन नाही त्या अंगणवाडी सेविकेकडे अथवा सेतू केंद्राकडे गेल्या. तेथे संगणक होता आणि संगणकावर ॲप चालत नव्हते. संकेतस्थळ आल्यावर हीच केंद्रे कामाला लागली. शासनाने आपली निवड महिन्याभरात बदलली हे खरे तर श्रेयाचे मानले पाहिजे. परंतु त्या पहिल्या महिन्यातील रांगांचा भार कोणत्या रकान्यात मांडायचा, हा प्रश्न उरतोच.

असाच गोंधळ १ मार्च २०२१ रोजी देशभर झाला होता. साठ वर्षांवरील नागरिकांसाठी कोविड लसीकरणाची नोंदणी सुरू झाली, आणि लोकांनी प्ले स्टोअरवर 'कोविन' शोधून ॲप उतरवून घेतले. ते ॲप प्रशासकांसाठी होते. नागरिकांनी संकेतस्थळावरूनच नोंदणी करावी असा खुलासा आरोग्य मंत्रालयाला करावा लागला. म्हणजे तेव्हा शासनाची निवड योग्य होती, पण काम म्हणजे ॲप ही समजूत लोकांच्या मनात इतकी पक्की झाली होती की योग्य निवडही त्यांना दिसली नाही.

संकेतस्थळाचा पक्ष घेताना त्याची दुखरी बाजू लपविता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी संकेतस्थळावरून सुरू झाले तेव्हा तशाच नावाची बनावट संकेतस्थळे निघाली, आणि अधिकृत पत्त्यावरच माहिती भरण्याचे आवाहन करावे लागले. पत्त्यातील एका अक्षराचा फरक ओळखणे हे इंग्रजी लिपी जेमतेम वाचणाऱ्या बाईकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. ॲपच्या बाजूलाही हाच रोग वेगळ्या रूपाने आहे. 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलान' अशा नावाच्या एपीके फाइली व्हॉट्सॲपवरून येतात, उघडताच फोनचा ताबा घेतात व खाते रिकामे होते. प्रत्येक योजनेसाठी नवे ॲप घ्यावे लागते असे ज्या समाजाला शिकविले गेले आहे तो समाज अशा फाइलीला सहज फसतो. या दृष्टीने पाहता निष्कारण काढलेले प्रत्येक ॲप ही एक वाईट सवय लावणारी शिकवणी ठरते.

भाषा आणि फोन

आपल्या चर्चेत सहसा न येणारा आणखी एक पदर भाषेचा आहे. मार्च २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आले, तेव्हा माहिती भरण्याची भाषा इंग्रजी होती आणि शासनाने दिलेले फोन कमी क्षमतेचे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी ते फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. पुढे हे ॲप मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध झाले. रोज, गावोगाव, जोडणीच्या भरवशाविना करायचे काम म्हणून येथे नेटिव्ह निवड समर्थनीय होती. तरीही ते नाकारले गेले, कारण ज्या फोनवर ते चालणार होते तो फोन आणि जिने ते चालवायचे ती सेविका यांचा विचार शेवटी झाला. तंत्राची निवड बरोबर असूनही प्रणाली चुकू शकते याचे हे बोलके उदाहरण होय.

ज्यांनी २०१० च्या आसपास मोबाइलवर मराठी वाचण्याचा प्रयत्न केला असेल त्यांना चौकोनी डबे आठवत असतील. त्या काळच्या अँड्रॉइडला देवनागरीची जोडाक्षरे जमत नव्हती. तेव्हा ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक आडवळणाची सोय होती. ती चालू केली की मजकूर दूरच्या सर्व्हरवर चित्ररूपाने तयार होऊन येई, आणि साध्या फोनवरही मराठी शुद्ध दिसे. फोन दुबळा असेल तर श्रम सर्व्हरने करावेत, हा वेबचा मूळ स्वभाव त्या सोयीत दिसतो. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनची कायओएस प्रणालीदेखील वेब तंत्रावरच उभी होती. मे २०२० मध्ये 'आरोग्य सेतू' जिओफोनवर आणले गेले, आणि ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांच्यासाठी १९२१ हा दूरध्वनी क्रमांक ठेवला गेला. नेटिव्ह ॲप, वेब आणि साधा आवाज या तीन पायऱ्या एकाच प्रणालीत ठेवण्याचे हे उदाहरण पुढच्या योजनांनी फारसे गिरविले नाही, याचे नवल वाटते.

महाविद्यालयांच्या दारातील प्रश्न

या चर्चेचा आपल्या व्यवसायाशी थेट संबंध आहे. अलीकडे महाविद्यालयांनाही स्वतःच्या ॲपचा मोह पडतो. मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी तो विशेष बळावतो. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील अशा एका ॲपमध्ये उघडल्यावर संस्थेचे संकेतस्थळच दिसत होते. भोवती केवळ ॲपचे कवच होते. सूचना त्याच, वेळापत्रक तेच, फक्त विद्यार्थ्याच्या फोनमधील जागा गेली होती. दोन वर्षांनी ते नव्या फोनवर मिळेनासे झाले. त्याचे कारण शोधणे अवघड नव्हते. आपले ॲप ताज्या अँड्रॉइड आवृत्तीशी जुळते ठेवण्याची अट गूगल दरवर्षी पुढे सरकविते, आणि जे ॲप जुळत नाही ते नव्या फोनधारकांना प्ले स्टोअरवर दिसत नाही. ॲप करून देणारी संस्था तोवर करार संपवून गेलेली असते. विकासकाचे गूगलवरील खाते २५ डॉलरमध्ये एकदाच निघते, ॲपलचे वर्षाला ९९ डॉलरचे असते. या रकमा किरकोळ आहेत. खरा खर्च दरवर्षी लागणाऱ्या देखभालीचा आहे, आणि तो अंदाजपत्रकात दिसत नाही.

महाविद्यालयाच्या कामांपैकी नेटिव्ह ॲप मागणारे काम कोणते? सूचना, निकाल, प्रवेश अर्ज, प्रश्नसंच यांना पत्ता असलेले, हलके, मराठीत नीट दिसणारे पान पुरेसे आहे. ते ग्रंथालयातील संगणकावर उघडते, नेट कॅफेतही उघडते आणि वडिलांच्या जुन्या फोनवरही. श्रेयांक बँकेच्या निमित्ताने आपल्या विद्यार्थ्यांना डिजिलॉकर वापरावे लागते. २०१५ मध्ये सुरू झालेली ती प्रणाली ॲप व संकेतस्थळ अशा दोन्ही दारांनी उघडते, आणि फोन हरविलेल्या विद्यार्थ्याचे काम त्यामुळे अडत नाही. क्षेत्रपाहणी करणाऱ्या भूगोल किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला मात्र बांधावरच्या शेतकऱ्यासारखीच गरज पडू शकते : सीना-कोळेगाव धरणाच्या काठावर पक्ष्यांची किंवा पाणवनस्पतींची नोंद घ्यायची, छायाचित्र स्थानासह जपायचे आणि परत आल्यावर पाठवायचे. तेथे नेटिव्ह ॲपचा विचार जरूर करावा.

सातबाऱ्याच्या प्रकरणात ही विभागणी नकळत साधली गेली आहे. पिकाची नोंद बांधावर, नेटिव्ह ॲपमधून होते. तीच नोंद ज्या उताऱ्यावर उमटते तो डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून संकेतस्थळावरून मिळतो आणि त्याला १५ रुपये पडतात. तो कोणत्याही फोनवर, कोणत्याही केंद्रावर काढता येतो. शेवटच्या आठवड्यात ॲपवर 'नोंद यशस्वी' असे वाचून शेतकरी घरी येतो, आणि आठ-दहा दिवसांनी केंद्रावर जाऊन उतारा काढतो तेव्हा पिकाच्या रकान्यात काय छापून आले ते त्याला कळते.